गवत चालू, गवत बंद

पप्पू कोळपे शिक्रापूरच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. बंद पडलेलं मशीन ही आपल्यालाच कुणीतरी हासडलेली शिवी आहे, असं मानणारा माणूस. मिक्सर, पंखा, शेजाऱ्याचा मोबाईल, काहीही उघडून बसायचा आणि चालू झाल्याशिवाय जेवायला उठायचा नाही. बायको पूनम म्हणायची, "ह्यांनी आपल्याकडं बघावं वाटत असंल, तर आधी आपुन बंद पडाय पायजे." असा हा गडी २००९ च्या दिवाळीनंतर एका लॅपटॉपपुढं पार टेकीला आला.

लॅपटॉप कंपनीतल्या एका साहेबांचा. बदली होऊन जाताना ते देऊन गेले होते. खास गेम खेळण्यासाठी बनवलेला, एके काळी मोठ्या रुबाबाचा. पण त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. वजन पाट्याएवढं. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं वायर भिंतीत असेल तोवरच त्याच्यात जीव. त्यावर सत्यजित नावाच्या कामावरच्या मित्रानं त्याच वर्षी निघालेला गेम टाकून दिला. एक तलवारवाला शिपाई, मोठा मुलूख, डोंगर, नद्या. वाटेल तिकडं फिरा. "चालंल," सत्यजित म्हणाला, "पन रडतखडत." हे तो फारच सौम्य बोलला होता.

पप्पूला गेमचं वेड नव्हतं. त्याला मशीन चाललेलं बघायचं होतं, एवढंच. वेड लागलं ते त्याच्या वडलांना, हरिबा आबांना.

आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की मांडवगण फराट्याचा माळ सोडायचा, घाट उतरून कोकण गाठायचं. तिथले शेतकरी कापणी झालेल्या रानात मेंढरांचा वाडा बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. पावसाच्या आधी परत. दोन वर्षांपूर्वी येताना आबा घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते दवाखान्यात असताना पप्पूनं मेंढरं विकून टाकली. आबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले नसते, आणि मेंढरांमागं जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण आबा घरी आले, रिकामा वाडा पाहिला, आणि तेव्हापासून त्यांनी लेकाकडं काही म्हणजे काही मागितलं नाही. पुढं पप्पूनं त्यांना शिक्रापूरच्या खोलीत आणलं. तो आणेल ते खायचे, देईल ते अंगात घालायचे. पण तहान लागली तर हाक पूनमला. पप्पूच्या मनाला हे फार लागायचं. दोन कानफटात बसल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटायचं.

एका रविवारी सकाळी त्यानं गेम लावला. आबा खाटेवर पडून होते. पडद्यावर हिरवागार उतार आला आणि त्यावरून पंधरा-वीस मेंढरं वर चाललेली दिसली. आबा कोपरावर उठले.

"राखाय कोन हाय त्यांच्या?"

"कोन न्हाई आबा. नुसती चित्रं हायती."

"बिनराखणीची मेंढरं डोंगर चढत्यात?"

मेंढरं माथा ओलांडून पलीकडं गेली. पप्पूनं शिपाई त्यांच्यामागं घातला. अर्ध्या चढावर चित्र अडखळायला लागलं, पंखा बोंबलायला लागला आणि लॅपटॉप खाडकन बंद पडला.

आबा काळ्या पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पप्प्या, मला तेवढं डोंगराच्या पल्याड ने. कुठं जात्यात बघू."

दोन वर्षांत पहिल्यांदा आबांनी त्याच्याकडं काहीतरी मागितलं होतं. पप्पूनं त्याच दुपारी लॅपटॉप उघडला. आतली सहा वर्षांची धूळ काढली, खाली दोन विटा दिल्या, शेजारी टेबलफॅन लावला. पुढच्या रविवारी शिपाई दहा पावलं जास्त चढला आणि लॅपटॉप मेला. मग सत्यजितच्या सल्ल्यानं त्यानं गेममधल्या एकेक गोष्टी कमी केल्या. सावल्या बंद केल्या. आबांनी ते खपवून घेतलं. दुपार असंल, म्हणाले. शेवटी पप्पूनं गवत बंद केलं, आणि काय सांगावं, लॅपटॉप लोण्यासारखा चालायला लागला. त्यानं मोठ्या ऐटीत पडदा आबांकडं फिरवला.

"हे कुठलं रान?"

"त्योच डोंगर, आबा."

"गवत कुठं गेलं?"

"बंद केलं."

आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पप्पूला आपण भाकरीत माती कालवली की काय असं वाटलं. "उघड्या माळावं मेंढरं घालत न्हाईत," एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

आता काय करावं माणसानं? गवत चालू केलं की लॅपटॉप बंद, गवत बंद केलं की आबा बंद. पप्पू सत्यजितवर डाफरला, विजेवाल्यांच्या नावानं खडे फोडले, पूनमनं पुढं केलेल्या चहावरसुद्धा चिडला. तिसऱ्या रविवारी, पुन्हा अर्ध्या चढावर, त्याचा धीर सुटला.

"मरतंय ह्ये, आबा. चढ लागला का मरतंय. मी काय करू सांगा."

आबांनी हात लांब केला आणि लॅपटॉपच्या पाठीवर ठेवला. "तापलंय," ते म्हणाले. "धापा टाकतंय, आन् तू दामटतोय. म्हातारं जनावर असं हानत्यात व्हय? गारव्यात चालवायचं. धाप लागली का बसवायचं."

चौथ्या रविवारी सूर्य उगवायच्या बेतात असताना दोघं बसले. गवत चालू. आबांचा तळवा लॅपटॉपवर. ते "बसव" म्हणाले की पप्पूनं जागेची नोंद करून लॅपटॉप बंद करायचा, ते "उठव" म्हणेपर्यंत थांबायचं. बिघाड दुरुस्त न करता बिघाडासकट चालायचं, हे पप्पूला अजिबात पटत नव्हतं. त्याचा हात स्क्रूड्रायव्हरसाठी शिवशिवत होता. पण चार वेळा बसवून पाचव्यांदा उठवल्यावर शिपाई माथ्यावर पोचला.

खाली पिवळीधमक शेतं होती. मेंढरं बांधाला उभी होती. पप्पू भराभर उतरायला लागला.

"थांब," आबा म्हणाले. "पीक उभं हाय. मालकाला इचारल्याबिगर उतरत न्हाईत."

पप्पूला डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं. भारनियमनात नऊला लाइट जायची, आणि नऊला पाच कमी होते. पंखा घरघरत होता. तरी बांधावर एक शेतकरी उभा होता, त्याच्यापुढं त्यानं शिपाई नेला आणि बटण दाबलं. शेतकरी इंग्रजीत काहीतरी बोलला. उत्तरेला दरोडेखोर आहेत, जपून जा, एवढं पप्पूला समजलं.

"काय म्हनतो?"

पप्पूनं आबांकडं पाहिलं. न विचारता विकलेली ती सगळी मेंढरं त्याला आठवली.

"म्हनतो, पलीकडच्या रानाची कापणी झालीया. वाडा तिथं बसवा."

"किती दिस?"

"पायजे तितकं दिस ऱ्हावा म्हनतो."

तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला, पंखा थांबला. परत चालू होईपर्यंत संध्याकाळ होणार होती.

आबांनी लॅपटॉपवरचा हात सावकाश काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. बसलीत आता," ते म्हणाले आणि उशीला टेकले.

पूनम माठापाशीच भांडी लावत होती. आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"पप्प्या," ते म्हणाले, "पानी आन."