मैमुनेची इद्दत

मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलायला बसणाऱ्या पन्नास-साठ बायकांत मैमुना होडेकर ही एकटीच अशी होती की जिच्या घरी एके काळी स्वयंपाकाला नोकर होता. हे ती कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तरी कुणी खरं धरलं नसतं. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून सात-सात तास उकिडवी बसणारी, पाठीत पोक आलेली ही बाई कधीकाळी आफ्रिकेत एका मोठ्या तळ्याकाठी, पत्र्याच्या छपराच्या पण ऐसपैस घरात राहत होती, हे तिचं तिलाही आता ऐकीव वाटायला लागलं होतं.

तिचा नवरा सुलेमान युगांडातल्या तळ्यावरच्या सरकारी बोटींचा फिटर. इंजिन नुसतं ऐकून सांगायचा, कुठे दुखतंय ते. एका रजेत रत्नागिरीला आला, निकाह लावला आणि मैमुनेला घेऊन गेला. आठ वर्षं बरी गेली. मूल झालं नाही, एवढाच काय तो सल. मग बहात्तर साली तिथल्या हुकूमशहाने, त्या अमीनने, एके दिवशी फर्मान काढलं की सगळ्या हिंदी लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडायचा. दुकानवाले गेले, कारकून गेले, शिंपी गेले. फिटरला मात्र सोडेनात, कारण त्याच्याशिवाय बोटी चालणार कशा? सुलेमानने बायकोला मोंबासाच्या आगगाडीत बसवून दिलं, तिथून पुढे बोट होती, आणि म्हणाला, "सहा म्हयन्यांत येतंय. मायला सांग."

मायला सांगितलं. माय म्हणजे ताजबी, मैमुनेची सासू. या बाईच्या जिभेला हाड नव्हतं. सून दारात पेट्या उतरवत होती तेव्हाच ती म्हणाली, "पेट्या घेऊन आयलीस आनि घोव ठेवून आयलीस?" हे वाक्य तिने पुढे अकरा वर्षं जपून वापरलं. भात करपला तरी तेच, कौल फुटलं तरी तेच. मैमुना ऐकून घेई. करते काय? म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि घरात दोघींखेरीज तिसरं माणूस नव्हतं.

पहिली चार-पाच वर्षं पत्रं आली. आधी जाड, मग पातळ, मग कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेली. त्यांत काही नसायचंच. मी बरा आहे, बोटी बऱ्या आहेत, मायला सलाम. सत्त्याहत्तर सालानंतर तीही बंद झाली. मनीऑर्डरीचा तर प्रश्नच नव्हता. मैमुना कोळंबीच्या शेडवर जायला लागली ती तेव्हापासून.

आणि मग एकोणऐंशीच्या एप्रिलात रेडिओने सांगितलं की टांझानियाची फौज युगांडाच्या राजधानीत शिरली आणि तो हुकूमशहा पळाला.

मोहल्ल्यात जो काही जल्लोष झाला तो बघण्यासारखा होता. परक्या देशाची फौज आपल्याच मिऱ्या डोंगरावरून उतरली असावी, असा थाट. ज्यांना नकाशावर आफ्रिका दाखवता आली नसती ते चहाच्या हॉटेलात बसून रणगाडे कुठून वळले ते सांगत होते. दर दोन-तीन घरांआड एखादा तरी तिकडून हाकललेला होताच. मैमुनेने त्या दिवशी घरातला सगळा गूळ आणि नारळ काढला, सांदणं वाफवली आणि घरोघर वाटली. ताजबी त्या दिवशी तिला पेट्यांवरून काही बोलली नाही. संध्याकाळी उलट म्हणाली, "सुलेमानाला सांदणा लय आवडत. चार ठेवून दे." ती चार सांदणं तिसऱ्या दिवशी आंबली. म्हातारीने ती टाकू दिली नाहीत, कोंबड्यांना घातली.

त्या वर्षी रमजानची ईद ऑगस्टात आली. मैमुनेने नवी हिरवी काकणं भरली, मेंदी लावली, सुरमा घातला. नवरा आज नाही तर उद्या येणारच, मग बाईने उदास का दिसावं?

तो आला नाही. पत्रही नाही. मुक्त झालेल्या देशाच्या बातम्या मात्र येत राहिल्या, आधी रोज, मग आठवड्याने. एक अध्यक्ष आला, दोन महिन्यांत गेला. दुसरा आला, तोही गेला. चहाच्या हॉटेलातले जाणते नावं पाठ करता करता थकले आणि पुन्हा आंब्याच्या भावाकडे वळले. सोडवायला आलेली फौज लवकर परत गेली नाही, आणि ती असतानाही लोक मरतच राहिले, असं कुणी कुणी तिकडून आलेले दबक्या आवाजात सांगत. ज्याला घालवायचं त्याला घालवलं, पण त्याच्या हातातल्या बंदुका कुठे गेल्या, हे विचारायची कुणाला आठवण राहिली नसावी. वाट बघणाऱ्यांना मात्र ही बातमी पुरेना. वाईट माणूस गेला म्हटल्यावर आपला माणूस यायला हवा ना? मैमुनेचा हिशेब एवढा साधा होता. तो जुळत नव्हता, आणि चूक कुठे होतेय ते तिला कळत नव्हतं.

शेडवरच्या बायका म्हणायच्या, "काकणा काढून ठेव गो, कोळंबीचे काटे अडकतात." ती काढायची नाही. गळ्यातला काळ्या मण्यांचा लच्छाही नाही. नवरा जिवंत असल्याची तिच्याकडे तेवढीच खूण होती. दमली होती ती, फार दमली होती. कामाने दमते तशी नव्हे, कामाचा शीण रात्रीत उतरतो. रोज पोस्टमनच्या वेळेला कान टवकारून, काही नाही म्हटल्यावर पुन्हा हंडा घेऊन पाण्याला जायचं, अशी अकरा वर्षं काढली की माणूस आतून झिजतं. तिला कधी कधी वाटे, कुणीतरी दार लावून घ्यावं, आणि आपल्याला चार दिवस कुणी हाक मारू नये.

त्र्याऐंशी साली पावसाळा सरून होड्या पुन्हा दर्यात लोटल्या, त्याच सुमाराला दाभोळचा गुलाम रसूल त्यांच्या दारात आला. सुलेमानबरोबर तिकडच्या तळ्याच्या धक्क्यावर सुतारकाम करणारा. आता मोंबासात होता, अकरा वर्षांनी पहिल्यांदाच घरी आलेला. त्याने चहा घेतला, दुसरा कप घेतला, एस.टी. किती उशिरा आली ते सांगितलं, दाभोळला यंदा मासळी कशी आहे ते सांगितलं. शेवटी ताजबीच म्हणाली, "बोल रे बाबा. मासळी सांगायला तू दाभोळसून आयला नाहीस."

मग तो बोलला. फौज राजधानीत आल्यावर लोकांनी रस्त्यावर नाच केला होता, सुलेमानही बघायला गेला होता. म्हणाला होता, आता घराकडे जायचा. बाराव्या दिवशी धक्क्यावरच्या वर्कशॉपात पाच-सहा जण बंदुका घेऊन आले.

"त्यांना लाँच पायजे होती," गुलाम रसूल म्हणाला. "सुलेमानभाय म्हनला, इंजिन खोललाय, सांजपर्यंत जोडून देतंय. त्यांना वाटला, खोटा बोलतोय. मारलनी त्याला. चाची, इंजिन खराच खोललेला होता. मी बगितलेला."

"खंयच्या बाजूचे होते?" ताजबीने विचारलं.

"त्या दिसांत सगळ्यांच्या अंगावर तोच फौजी कपडा होता, चाची."

चार माणसांनी मिळून जनाजा उचलला होता. कबर तळ्याच्या बाजूला आहे, त्याने आपल्या हाताने फळ्या घातल्या. तारीख तेवीस एप्रिल.

"चार वर्सां," मैमुना म्हणाली. "चार वर्सां तू काय केलास?"

गुलाम रसूलने मान खाली घातली. "पळापळ होती. मंग वाटला, कोनीतरी कळवला असंल. मंग वाटला, आता कळवून काय... पत्र लिवायला तीनदा बसलंय भाभी, हात चालंना."

तो रडला, म्हणून मैमुनेला रडता आलं नाही.

दुपारपर्यंत घर बायकांनी भरलं. कुणीतरी तिची काकणं दगडाने फोडली, लच्छा काढून घेतला, पांढरी ओढणी आणून दिली. आतल्या खोलीत चटई पडली, खिडकीला पडदा लागला. तिला इद्दतीला बसवायची तयारी झाली. विधवेने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, हे तिथल्या लहान पोरींनाही माहीत असतं. त्या काळात शेजारी जेवण आणून देतात आणि बंदरावर कुणी वाट बघत नाही.

खरं सांगायचं तर चटईवर बसताना मैमुनेला दुःखाच्या आधी हेच वाटलं, की आता बसायला मिळेल. या विचाराची तिला लाज वाटली. पण तो आला, आणि गेला नाही. चार महिने दहा दिवस. तेवढ्यात ती त्याच्यासाठी रडून घेईल. आत्ता येत नाही, पण येईल, निवांत बसलं की येईल.

संध्याकाळी मशिदीचे खतीबसाहेब आले. भला माणूस. ओटीवर बसून त्यांनी फातिहा वाचली, गुलाम रसूलला मरणाची तारीख विचारली. मग बोटांच्या पेरांवर चांदाचे महिने मोजायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

"ताजबी," ते म्हणाले, "सुनेला बसायची जरूर नाही. इद्दत मरणाच्या दिवसापासून धरतात, बातमी कळल्यापासून नाही. त्या साली रमजान ईद झाली ना, त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी हिची इद्दत पुरी झाली."

पडद्याआड बसलेल्या मैमुनेच्या डोळ्यांसमोर ती ईद आली. मेंदी, सुरमा, हिरवी काकणं. इद्दतीच्या अगदी ऐन दिवसांत ती नटून बसली होती.

"मी सनगार केला होता," ती आतून म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं, बेटी. तुझ्यावर काही गुनाह नाही."

"गुनाह नाय तो नाय," मैमुना म्हणाली. "मंग मी बसू कवा?"

खतीबसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. किताबात सगळ्याची उत्तरं असतात असं ते नेहमी सांगत. जाता जाता एवढंच म्हणाले, की आईने मुलाचा शोक तीन दिवस करावा.

बायका एकेक करून उठल्या. मनातून त्यांना बरंच वाटलं, बिचारी सुटली म्हणून. शेडवरची राही दुपारपासून बसून होती, तिने जाताना मैमुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मंग परवा येशील का गो? की चार दिस थांबा म्हनून सांगू?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. कोळंबी कुणासाठी थांबत नाही. मैमुना म्हणाली, "मायचे तीन दिस होऊ देत. मंग येतंय."

कुणीतरी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

तीन दिवस गेले. मैमुनेने चूल पेटवली, पाणी भरलं, भेटायला येणाऱ्यांना चहा केला. सुलेमानचं नाव निघालं की सगळे ताजबीकडे बघत. आईचं दुःख ते, दिसायला ताजं. बायकोचं चार वर्षांपूर्वीच आटोपलेलं. ती स्वतःलाच चाचपून बघत होती, दुःख कुठे आहे म्हणून, आणि हाती लागत होता तो नुसता थकवा.

चौथ्या दिवशी सकाळी ती शेडवर जायला उठली, तर अंगणात ताजबी उभी. डोक्याला फडकं बांधलेलं, काखेत मैमुनेचा बसायचा पाट आणि भाकरीचा डबा.

"खंय चाललीव, माय?"

"कोळंबीला."

मैमुनेला वाटलं, दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. "तुमाला दिसत नाय."

"सोलायला डोळे कशाला? हाताला कळतो." ताजबीने काखेतला पाट सारखा केला. नेहमीसारखी तोडून बोलणार असं वाटलं, पण आवाज बसलेला होता. "माजे तीन दिस झाले. आयशीला तेवडेच. तुजे होते तवा तुला कोनी सांगितलान नाय. माज्या पोरासाठी कोनी बसलाच नाय, आसा कसा चालंल? तू बस. चार म्हयने दहा दिस मी जातंय."

"खतीबसाहेब काय म्हनतील?"

"त्यांना सांग, सासवेनं डांबून ठेवलीय. लोकांना माजा सोभाव म्हाईत हाय, पटंल." ती पायरीकडे वळली. "आनि भात मी येऊन करतंय. चुलीकडे जाव नको."

मैमुनेला अडवता आलं असतं. अडवायला हवं होतं, असं ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली. पण त्या सकाळी तिच्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं. ती आत गेली, कोपऱ्यातली चटई पसरली आणि भिंतीला टेकून बसली. म्हातारी पाखाडीच्या पायऱ्या एकेक चाचपत उतरत होती, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो बंद झाला तशी मैमुना रडायला लागली. उघड्या इंजिनापाशी उभ्या असलेल्या आपल्या माणसासाठी ती पोटभर रडली, आणि रडता रडता तिथेच झोपली. दुपार कलली तरी तिला कुणी उठवलं नाही.