हद्दपारी आणि सव्वा मूठ गहू

श्रावण लागला की ती केस मला हटकून आठवते. नोकरीत खून उघडकीस आणले, दरोडे उघडकीस आणले. पण सरकारचा आदेश कोर्टात रद्द झाला आणि सरकारचाच पोलीस असून मी पेढे वाटले, असं एकदाच घडलं.

तापीकाठच्या एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. "साहेब, तुमचा तडीपार गावात आलाय. आत्ता घरी सापडेल." नाव विचारताच फोन ठेवला.

हा तडीपार म्हणजे पन्नाशीचा एक केळीवाला. गाव त्याला आबा म्हणायचं. त्याच्या बागेशेजारून वाळूचे डंपर नदीत उतरायचे. आबा ट्रॅक्टर आडवा लावायचा आणि तहसीलदारांना फोन करायचा. हळूहळू गावही त्याच्यामागे उभं राहू लागलं आणि आबा एकदम 'धोकादायक इसम' ठरला. आमच्याच ठाण्याच्या प्रस्तावावरून प्रांतांनी त्याला जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार केलं. आयुक्तांकडचं अपील फेटाळलं गेलं होतं. आता त्याची याचिका उच्च न्यायालयाच्या खंडपीठात होती. अशा वेळी तो हद्दीत सापडता, तर अटक झालीच असती आणि याचिकाही लंगडी पडली असती. खबर देणाऱ्याला नेमकं हेच हवं असणार. तरी खबर आली की जावं लागतं. मी दोन अंमलदार घेऊन निघालो.

दारात आबाची आई बसली होती. गाव तिला अक्का म्हणतं. आम्हाला बघून ती जागची हललीसुद्धा नाही.

"धुंडा, बठ्ठं घर धुंडा. कोठीमा देखा, माळावर देखा. मना आंडोर कायदा पाळस, म्हनीसन सातपुडाना पल्याड बठेल शे."

तिचा मुलगा खरंच सेंधव्याला मेहुण्याकडे होता. आम्ही घर पाहिलं, पंचनामा केला. निघताना ती म्हणाली, "यंदा कानबाई आमना घर बसनार शे. पूजाले थोरला पाहिजे. तो नही उना, तं मी देवीले काय सांगू?"

मी धुळ्याचा. कानबाई म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. श्रावणातल्या एका ठरलेल्या रविवारी देवी बसते, सोमवारी विसर्जन होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळून रोट करतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्या दिवशी घरचा माणूस ताटावर नसला, की सगळ्या घराचा घास अडतो.

ठाण्यात येऊन मी फाईल उघडली. याचिकेला ठाण्याचं उत्तर मलाच द्यायचं होतं. आदेश दोन गोपनीय साक्षीदारांच्या जबाबांवर उभा होता. त्यातला एक ढाबेवाला. जबाब असा, की गेल्या वर्षी कानबाई विसर्जनाच्या सोमवारी दुपारी आबा त्याच्या ढाब्यावर मटण खायला बसला आणि सुरा काढून त्याने दहशत माजवली.

मला हसूच फुटलं. श्रावणी सोमवार, घरात रोट, आणि खानदेशी माणूस ढाब्यावर मटण खातो! जबाब रचणारा गडी परमुलखातला होता, हे उघड होतं. गर्दीचा दिवस म्हणून त्याने तारीख उचलली आणि तिथेच फसला.

पण रीत म्हणजे पुरावा नव्हे. मी ढाबेवाल्याला बोलावलं. चौकशीत माणूस ज्या प्रश्नाची तयारी करून येतो, तो प्रश्न आधी विचारू नये. मी सुऱ्याचं नावच काढलं नाही. चहा मागवला आणि आमच्या बोलीत विचारलं, "तुमना घर बी कानबाई बसस ना? मंग त्या दिन ढाबा कोन देखस?"

"कोनीच नही साहेब! मना घर बी रोट ऱ्हातस. वरीसमा तो एकच दिन ढाबा बंद."

मी जबाब त्याच्यासमोर सरकवला. त्याने वाचला आणि कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी काय बी सांगं नही. तयार कागद उना, मी सही कयी. डंपरवाला मोठा मानूस शे, त्याले ना कसं म्हनू?"

दुसरा साक्षीदार त्याच डंपरवाल्याचा ड्रायव्हर निघाला. तोही तासाभरात खरं बोलला. फोन कुणाचा होता, तेही त्याच्याकडूनच कळलं. अर्थात त्याच डंपरवाल्याचा.

सरकारी आदेशाविरुद्ध आपल्याच ठाण्याचं शपथपत्र जाणार, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी थेट पोलीस अधीक्षकांपुढे उभा राहिलो. त्यांनी दोन्ही नवे जबाब वाचले आणि एवढंच म्हणाले, "जे खरं आहे ते लिहा. शब्दही कमी करू नका." असे वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.

सुनावणीला मी हजर होतो. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "ढाबा बंद होता, तर मटण शिजवलं कुणी?" सगळं कोर्ट हसलं. आदेश रद्द झाला. आबा बाकावर बसल्या बसल्या रडला, आणि खोटं कशाला सांगू, मी कोर्टाबाहेर पेढे वाटले. बनावट जबाब रचणाऱ्यांवर पुढे कारवाई झाली आणि डंपर जप्त होऊन आमच्या आवारात लागले.

गावाने आबाला वेशीपासून वाजतगाजत आणलं. कानबाई त्याच्या घरी बसली. सोमवारी विसर्जनाच्या बंदोबस्ताला मी नदीवर होतो. परतताना अक्काने मला हाक मारली आणि आबाशेजारी पाट मांडला. मी संकोचलो. पंगतीतला एक म्हातारा पुटपुटला, "बाहेरन्याले रोट चालत नही, अक्का."

माणसाला हद्दपार करणं म्हणजे त्याला त्याच्या ताटावरून उठवणं, हे मला या केसने शिकवलं. तेव्हापासून तसल्या प्रस्तावावर, साक्षीदाराला स्वतः भेटल्याशिवाय मी कधी सही केली नाही. पण त्या दुपारी यातलं काही डोक्यात नव्हतं. मी टोपी हातात घेऊन दारातच उभा होतो, आणि अक्का त्या म्हाताऱ्याला ठणकावत होती, "बाहेरना कोन? गहू मोजताना त्यानी सव्वा मूठ मी धरेल शे. बस रे पोऱ्या, तुना रोट थंडा व्हई ऱ्हायना."