बी-कॉम्प्लेक्सची कावीळ

मी जालन्यात बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं, पुढे तोंड लपवायला जागा उरणार नाही.

रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-दोन, हे माझं लाडकं प्रकरण. 'रंगाने पिवळं! अन्नातून ऊर्जा काढायला पेशींना हवंच! कमी पडलं की तोंड येतं, जास्त झालं की लघवीवाटे बाहेर!' असं मी दरवर्षी फळा बडवून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात माझंच तोंड आलं. मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्स दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासातून ओरडतच बाहेर आलो, "अगं, कावीळ!" (बडवायला समोर फळा नव्हता ना!)

बायकोने, सुनीताने, मला गॅलरीत उजेडाला नेऊन पापण्या ताणल्या. "अहो, डोळे पिवळेधमक झालेत!" गॅलरीला आम्ही पिवळी ताडपत्री बांधली होती. तिथे सुनीताही नखशिखांत पिवळी दिसत होती, पण तिच्याकडे बघतंय कोण? तिने रडत केदारखेड्याला फोन लावला.

तिथे माझा थोरला भाऊ, दत्तादादा. विहिरीच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. गावाने समजावलं, मामांनी समजावलं, पण गडी माझी पायरी चढला नाही. तो दुपारच्या आत मोटारसायकलला उसाची मोळी बांधून हजर!

"उभा कशाला राह्यला? नीज! सुनीता, तेल-तिखट बिलकुल बंद. हा मुळ्याचा पाला घे, रस काढ."

"दादा, तू माझ्याशी बोलून राह्यला?"

"तुझ्याशी कोण बोलतंय? काविळीशी बोलून राह्यलो!"

मग मी मुळ्याचा रस प्यायलो, आणखी प्यायलो. दादा उशाशी बसून ऊस सोलून तुकडे हातात देत होता. तोंड अजून आलेलंच, म्हणून गोळ्याही इमानेइतबारे चालू! सकाळी लघवीचा रंग आणखी चढला. दादाचा धीर सुटला आणि त्याने मला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाला, "सर, कावीळ नाही. गोळ्या कसल्या चालू आहेत?"

मी सांगितलं. तो ओठ दाबून म्हणाला, "सर... रायबोफ्लेविन. तोंडी परीक्षेत तुम्ही मला हेच विचारलं होतं."

"म्हंजी ह्याला कायबी झालं न्हाई?" दादाने विचारलं.

कावीळ गेली, आता दादाही जाणार!

"ऊस लई उरलाय घरी," तो म्हणाला. "तो संपल्याबिगर न्हाई जात मी."

मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टरला वाटलं, सरांना लाज वाटली. (तीही वाटलीच होती!)

त्या पिवळ्या रंगाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हल्ली दादा बरेच दिवस फिरकला नाही, की मी एक बी-कॉम्प्लेक्स घेतो आणि सकाळी फोन करून त्याला फक्त रंग सांगतो.