दादाचं विमान आणि वालूरचे पाहुणे

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर, महादप्पावर. आणि तो झाला महायुद्धाची लढाई ऐन भरात असताना, वैशाखातल्या एका सोमवारी, पाहुण्यांनी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा. मी तिथंच होतो. बोलतही मीच होतो.

दादा हैदराबादेत लढाईच्या विमानांसाठी साचे बनवायला शिकत होता. साच्याच्या लोखंडी पट्टीला नेमक्या जागी भोकं असतात. ती पत्र्यावर ठेवून छिद्रं पाडली की सगळे पत्रे एकसारखे निघतात. सुट्टीत पाथरीला आला तरी त्याची नजर भोकांवरच. त्यानं आईची चाळणी तपासली. (नापास केली. आई दोन दिवस बोलली नाही.)

वालूरच्या किराणा दुकानदाराची शांता जत्रेत पाहिल्यापासून त्याच्या मनात भरली होती. तिचे वडील आणि म्हातारे चुलते मुलगा बघायला यायचे होते. याच सुट्टीत जमलं तर जमलं; शांतासाठी दुसरं स्थळ तयारच होतं.

मी तेव्हा मराठीसाठी पत्रकं लिहायचो. हैदराबाद सरकारची उर्दू शाळेत, कचेरीत, आणि आता आमच्या ओसरीवरही? सकाळीच दादाला दम भरला, "हवाई जहाज म्हणायचं न्हाई. आपला शब्द हाय. विमान म्हण."

आता, आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला बांबूच्या सजवलेल्या मखरात बसवून नेतात. त्या मखरालाही विमानच म्हणतात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. त्या सकाळी तेवढं आठवलं नाही.

"काय शिकायलाव हैदराबादला?" शांताच्या वडलांनी विचारलं.

"विमानाचे साचे," दादा म्हणाला.

वडील चुलत्यांकडे बघत राहिले. "त्याला साचा कशाला? चार बांबू बास होतेत की."

"बांबूचं गेलं, मामा," मी पुढं सरसावलो. "आता पत्र्याची. सरकारच बांधायलंय. लढाईमुळं मागणी लय हाय."

"ते तर हाईच," चुलते हळूच म्हणाले. "पण बसवूनच नेतेत ना?"

"बसवूनच. वर पट्ट्यानं बांधतेत, हलू नये म्हणून."

"एकाएकाला?"

"छे, मोठ्यात वीस-वीस. अन् जातपात काय बघत न्हाईत!" (हे मी अभिमानानं सांगितलं.)

चुलत्यांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात दादाचं लक्ष त्यांच्या काठीकडे गेलं. तिच्या टोकाची लोखंडी टोपी पडली होती. पोरगं गुणाचं. खिशातून मोजपट्टी काढून तो वाकला आणि म्हणाला, "काका, माप घेऊन ठेवतो. पुढच्या खेपेला तुमचं तयार करूनच आणतो."

म्हातारा काठी टाकून पळाला. त्या वयात तसं पळणं मी पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी निरोप आला: जित्या माणसाचं माप घेणाऱ्या घरात पोरगी देणार न्हाई.

मी निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. दादानं काठी उचलली, पत्र्याची टोपी ठोकून बसवली, उसनी सायकल काढली आणि वालूर गाठलं. दुकानात काठी ठेवून दोनच शब्द बोलला, "हवाई जहाज."

शांताचे वडील कपाळाला हात लावून म्हणाले, "मग तसं मराठीत सांगायचं की, बाबा."

लग्न झालं. चुलते मांडवात शेवटपर्यंत दादापासून काठीभर लांब बसले.

शांतावहिनी आता आमचं घर चालवते, आणि माझ्यावर अन्याय केला तो तिनंच. परवा चारठाण्याला माझ्यासाठी मुलगी बघायला सगळं घर गेलं. दादा गेला, चाळणी विसरून आईसुद्धा गेली. मला वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी घर राखा. तुमी आलाव की जमलेलं मोडतंय."

जमलं म्हणे. तेव्हा वाचकांत कुणी चारठाण्याचं असेल त्याच्याकडे माझी जाहीर मागणी आहे: मुलगी कशी आहे, ते मला ताबडतोब कळवा.