सुलक्षणाचा अर्धा नियम

सुलक्षणा रोज उठल्याबरोबर, दात घासायच्याही आधी, पुढल्या खोलीत जायची आणि कापसाच्या ढिगात खांद्यापर्यंत हात खुपसायची. आत ऊब लागली तर कापूस तापतोय, ओल लागली तर सडतोय. दोन्ही नसलं की हात काढून आईला ओरडून सांगायची, "थंड शे!" दिवाळीपासून यात एका सकाळचाही खंड पडला नव्हता.

घर भडगावच्या अलीकडे, गिरणा नदीकाठच्या गावात. खोली उंबऱ्यापासून आढ्यापर्यंत पांढरी. कापूस घरात राहिला की अंग खाजतं, त्यामुळे ती एका हाताने वही लिहायची आणि दुसऱ्या हाताने पोटऱ्या खाजवायची. आई, मंजुळाबाई, म्हणायची, "एक जागे बसत जाय ना माय." पण एका जागी बसणं तिला त्या हिवाळ्यात जमलंच नाही. कारण कापूस घरात होता तो तिच्या शब्दावर.

त्यांच्या गल्लीतून बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. कार्तिकात कापूस वेचून झाला तेव्हा वडिलांनी, निंबाआबांनी, सहज विचारलं होतं, "तुनं अर्थशास्त्रनं पुस्तक काय सांगस? इकू का ठेवू?"

मागणी-पुरवठ्याचा धडा नुकताच झाला होता. तिने अंगणातल्या मातीत काडीने दोन रेषा काढल्या, एक चढती, एक उतरती. चढती रेष डावीकडे सरकवली. "औंदा पीक कमी शे, आबा. पुरवठा कमी व्हयना म्हणजे भाव चढी. थांबा."

आबांनी ती आकृती दोन दिवस झाडू दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. शेजारचे चुडामण नाना चष्मा लावून बघून गेले, समोरच्या प्रमिलाबाई अक्का कमरेवर हात ठेवून बघून गेल्या. दोघांनीही व्यापाऱ्याचा टेम्पो दारातून परत पाठवला.

आणि भाव उतरू लागला. मोटारसायकलवर व्यापारी यायचा, मूठभर कापूस ओढून बघायचा आणि आकडा सांगायचा. दर खेपेला आकडा आधीपेक्षा खाली. इकडे ढीग वाळून हलका होत होता. आबा तिला रागावले नाहीत, फक्त तिच्यासमोर भावाचा विषय काढणं त्यांनी बंद केलं. ते तिला जास्त लागायचं.

जानेवारीत सराव परीक्षेचे पेपर मिळाले. पुरवठ्याच्या नियमाला सरांनी एक गुण कापला होता. समासात लाल शाईत लिहिलं होतं: 'इतर परिस्थिती स्थिर असताना, हे कुठे गेलं?'

"एवढ्याशा ओळीला एक गुण, सर?" तिने विचारलं.

"एवढीशी ओळ?" सर म्हणाले. "बाई, तिच्याशिवाय तो नियम अर्धाच."

कॉलेजातून येताना एसटीत खिडकीशी जागा मिळूनही ती उभीच राहिली. अंगणातही तिने ती ओळ गाळली होती. पीक कमी, हे खरं. पण बाहेरच्या देशातून कापसाच्या गाठी आल्या असं ऐकू येत होतं, सूतगिरण्या हात राखून घेत होत्या. काहीच स्थिर नव्हतं. तिने फक्त पीक पाहिलं होतं.

आता सांगायचं काय? 'विका' म्हणावं आणि पुढल्या आठवड्यात भाव चढला तर? 'थांबा' म्हणावं तर पुन्हा तेच. चार दिवस ती पुस्तक उघडायची, मिटायची, गच्चीवर जायची, उतरायची. पाचव्या दिवशी चुडामण नानांच्या ओट्यावर आबा आणि अक्का दोघेही बसलेले दिसले, तशी ती जाऊन समोर उभी राहिली.

"मी सांगं व्हतं ते अर्धं व्हतं," ती म्हणाली. "भाव चढी का उतरी, माले माहीत नही. मना भरवसावर थांबू नका."

नाना उसळले. "वा, मास्तरीनबाई! हाई कार्तिकम्हा सांगती तं? आते हलका व्हयना कापूस!"

"मंग तू शिकनी कसाले?" आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"अजून शिकी राह्यनू, आबा."

अक्का हसल्या. "चुडामण, पोर आठरा वरीसनी. तू साठना. तुले कोनी सांगं व्हतं मातीम्हा भाव पाह्याले?"

नाना पुटपुटत घरात गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळा कापूस देऊन टाकला. आबांनी मात्र महिनाभर घेतला. मग एका संध्याकाळी जेवताजेवता म्हणाले, "अर्धा इकू, अर्धा ठेवू. आते तू खरी बी नही, खोटी बी नही."

तीन महिन्यांनी ते पहिल्यांदा तिच्याशी भावाबद्दल बोलले होते. तिने ताटातली भाकरी संपवली आणि आणखी अर्धी मागून घेतली.

टेम्पो आला तो नेमका अर्थशास्त्राच्या पेपरच्या सकाळी. आबा ढिगावर चढून पायाने कापूस खाली लोटत होते, माणसं तो गठड्यांत बांधत होती. उडणाऱ्या तंतूंमुळे दारातून पलीकडचं काही दिसेना. सुलक्षणाने हॉलतिकीट पुन्हा एकदा तपासलं, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता आत डोकावली.

"आबा, तोंडले रुमाल बांधा," ती म्हणाली, "कापूस उडी राह्यना."