लिहिलंय ते वाच

विलास गेल्याची बातमी आली तेव्हा मी इंदापूरच्या बाजारात चिलापी साफ करून घेत होतो. फोन मंदावहिनींचा होता. एरवी त्या आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि मग कामाचं बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, “भाऊजी, हे जेवून जरा आडवे झाले होते… उठवायला गेले तर उठलेच नाहीत.” आवाज अगदी नेहमीचा होता. दूध नासलं हे सांगावं तितक्याच शांतपणे त्या बोलल्या, आणि त्यामुळेच मला काही उमगेना. मासेवाल्या बाईंनी विचारलं, “डोकं ठिवायचं का काढायचं?” मी म्हटलं, ठेवा. मासे साफ होऊन पिशवीत पडेपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि ती पिशवी हातात घेऊनच विलासच्या घरी पोचलो. शेजारच्या कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली. पुढं त्या माशांचं काय झालं, मला माहीत नाही.

उभी नोकरी आम्ही दोघांनी एकाच कॉलेजात काढली. मी मराठीचा, तो गणिताचा. तो वडगाव निंबाळकरचा, घरी ऊस आणि म्हशी. लहानपणापासून पाण्याची मोटर म्हणू नका, रेडिओ म्हणू नका, हाताला लागेल ते खोलून बसायची त्याला खोड. आमच्या कॉलेजात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या खोलीला पडदे लागले, खाली गालिचा आला आणि दारावर चपला बाहेर काढायची पाटी लागली. देवळाची पायरी न चढणारे आमचे सहकारीसुद्धा तिथं चपला काढून आत जायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. यंत्राला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. विलासनं दिवाळीच्या सुट्टीत प्राचार्यांकडून किल्ली मागून घेतली आणि सोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन तो एकटाच त्या खोलीत बसला. सुट्टी संपल्यावर मी विचारलं, “काय शिकलास रे?” तर म्हणाला, “लई चुका केल्या. एकेक चूक असलं बेणं हाय, चार-चार दिवस सापडंना. मजा आली.” चुका केल्या म्हणून इतका खूश झालेला मास्तर मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या धंद्यात चुका पोरांनी करायच्या असतात.

मग कॉम्प्युटरचा विषय सुरू झाला आणि साहजिकच तो विलासच्या गळ्यात पडला. त्यानं पहिल्याच वर्षी पोरांना कालव्याच्या पाण्याची पाळी लावायला दिली. अमक्याचं इतकं रान, त्याला इतके तास पाणी, सगळ्यांची नावं ओळीनं. पोरांनी बरोबर हिशेब केला, यंत्रानंही बिनतक्रार पाळी लावली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, ह्यानं आमच्या रानाला पाणीच येनार न्हाय. आमी शेवटाला हाय. वरची रानं मधीच पानी ओढून घेत्यात, म्हनून पाळी शेवटाकडनं धरत्यात.” वर्ग हसला. विलास सगळ्यांत जास्त हसला आणि मग त्यानं सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसवलं. शेवटचं रान कुठलं हे यंत्राला ठाऊक नसतं, ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं, हे त्याला शिकवायचं होतं आणि ते एका पोरानंच शिकवलं, म्हणून स्वारी दिवसभर खुशीत. मी व्हरांड्यातून हे बघत होतो आणि जळत होतो. माझ्या तासाला विनोदी धडा चालू असतानाही पोरं जांभया द्यायची, आणि हा बाबा कॉम्प्युटरच्या तासाला पोरांना हसवतो म्हणजे काय!

नजर कमी होत चालल्याचं त्यानं बराच काळ कुणाला कळू दिलं नाही. एकदा स्टाफरूममध्ये टेबलावर चहाचा कप ठेवताना त्यानं तो हवेतच सोडला. आम्ही हसलो, तोही हसला. मग मोटारसायकल चालवायची बंद केली. बायको घेऊ देत नाही, म्हणाला. शेवटी मीच त्याला बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, थेंब चुकवायचे नाहीत. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. निमगाव केतकी येईपर्यंत थेंबांची बाटली हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “दत्ता, दिसायचं बंद झालं तर चालवून घेईन. पण शिकवायचं बंद झालं तर मी दिवसभर करू काय रं?” मी शेंगदाण्याची पुडी पुढं केली आणि त्यानं त्यातले दाणे चाचपत घेतले.

कॉलेजनं चांगुलपणानंच त्याच्याकडची प्रात्यक्षिकं काढून घेतली. प्रात्यक्षिकाला नजर लागते, त्यात खोटं काही नव्हतं. पुढं तो निवृत्त झाला आणि त्यानं घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी वर्ग सुरू केला. पुण्याला नोकरीला लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपापली वापरलेली यंत्रं आणून दिली. पळसदेव, निमगाव, खुद्द इंदापूर, जिथून कुठून यायची ती पोरं येऊ लागली. पहिला रविवार मात्र पार फसला. पोरं अडली की “सर, हे बघा” म्हणायची आणि विलास काचेला नाक लावून बघायचा, पण त्याला अक्षरं लागायची नाहीत. पोरं ओशाळली. एकेक करून काहीतरी कारण सांगून निघून गेली. संध्याकाळी त्याचा मला फोन. “तुझा आवाज बरा हाय. उद्या ये जरा.”

गेलो. एका मुलानं अर्धवट सोडलेलं काम यंत्रावर तसंच होतं, ते विलासनं मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचन म्हटलं की आपण कमी पडणार नाही, या तोऱ्यात मी सुरुवात केली. चढउतार, विराम, सगळं व्यवस्थित. दोन-चार ओळी झाल्यावर तो म्हणाला, “एवढा जीव ओतू नको. ह्यात कुणी मरत न्हाय.” मी साधं वाचू लागलो. आता माझी एक जुनी सवय. आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळं डोळ्यांना चूक दिसली तरी तोंड आपोआप बरोबर तेच म्हणतं. एका ओळीत कंस उघडला होता आणि मिटलाच नव्हता. मी बिनदिक्कत ‘कंस पुरा’ म्हणून पुढं गेलो. तेच एका नावाचं. वर एक लिहिलेलं, खाली अक्षर गाळलेलं, मी दोन्हीकडे एकच वाचलं. ऐकताना सगळं ठाकठीक आणि यंत्र तर चालायला तयार नाही. विलासनं तेच मला तीनतीनदा वाचायला लावलं आणि मग टेबलावर थाप मारली. “मास्तर, लिहिलंय ते वाच. लिहायचं होतं ते नको वाचू.”

त्या थापेतून त्याचा वर्ग पुन्हा उभा राहिला. पुढच्या रविवारपासून नियम एकच. जो अडेल त्यानं आपलं काम विलाससमोर बसून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं, कंसासकट, स्वल्पविरामासकट, एक अक्षर न गाळता. विलास डोळे मिटून, हाताची घडी घालून ऐकायचा. मध्येच पोरगं थांबलं तर नुसती मान पुढं करायचा. बहुतेकदा वाचता वाचता पोराचा आवाज मंदावायचा, अडखळायचा, आणि मग “हां सर, घावलं!” म्हणून ते आपल्या जागेकडे पळायचं. खोलीतून सतत येणारं हे वाचन ऐकून समोरच्या आजींनी मंदावहिनींना विचारलं होतं, “कुठली पोथी लावलीय गं?” पोरं वाढत गेली. मीही दर रविवारी जाऊ लागलो. म्हणायला त्याला सोबत म्हणून, खरं तर मला तिथं बरं वाटायचं. मागच्या खिडकीत बसून ऐकत राहायचो. थोडंफार कळायलाही लागलं होतं, पण तसं मी कबूल केलं नाही. त्यानं मला लगेच गृहपाठ दिला असता.

पळसदेवची अश्विनी त्यातली सगळ्यांत हट्टी. घरची डाळिंबाची बाग, वडिलांबरोबर तोडणीला उभी राहणारी मुलगी. एका रविवारी तिनं एकच काम सकाळपासून दुपारपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं, रडकुंडीला आली, आणि शेवटी तिची तिलाच चूक सापडली. पोरं गेल्यावर मी विलासला विचारलं, “तुला कधी कळली?”

“पहिल्याच खेपेला. तिसऱ्या ओळीत.”

“मग सांगायची नाही का? पोर जेवायची राहिली.”

तो चष्मा पुसत बसला होता. चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता, पण सवय. म्हणाला, “सांगितली असती तर मला सापडल्याचा आनंद झाला असता. मला आता किती वेळा घ्यायचाय तो आनंद? तिचा आवाज ऐकलास का, सापडल्यावर? तोंड दिसत न्हाय मला त्यांचं, पन आवाज कळतो.” मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाला, “पन लई जड जातं गड्या. जीभ चावत बसतो मी.” तो इतका स्वस्थ, इतका निवांत दिसायचा की हे त्याला जड जात असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आणि मग तो दुपारी जेवून आडवा झाला…

तेराव्यानंतरच्या रविवारी मंदावहिनींनी मला बोलावलं. पोरं आली होती. कुणी बोलावलं नव्हतं, नेहमीच्या वेळी नेहमीसारखी आली आणि अंगणात उभी राहिली. वहिनी म्हणाल्या, “त्यांना काय सांगायचं, तुम्हीच ठरवा. यंत्रं कुणा शाळेला द्यायची तर देऊन टाकू.” माझ्या मनानं तेच घेतलं होतं. बारामतीला चांगले वर्ग चालतात, तिथं जा, असं पोरांना सांगायचं आणि दार लावून घ्यायचं. शिकवणाराच नाही तर वर्ग कसला? मी तोंड उघडणार एवढ्यात अश्विनी म्हणाली, “सर, माझं एक अडलंय. वाचू का?”

“अगं, मला यातलं काही कळत नाही.”

“तुमी नुसतं बसा.”

बसलो. बाकीची पोरं आत येऊन उभी राहिली. तिनं गावातल्या बागायतदारांचं काम केलं होतं. कुणाचा किती किलो माल निघाला ते यंत्राला सांगायचं आणि ज्याचा जास्त त्याचं नाव वर आणायचं. यंत्रानं लावलेला क्रम तिनं मला दाखवला. सगळ्यांत वर ९५, मग ८४०, मग ३१०, आणि तळाला १२००. “ह्यात आमचं तात्या सगळ्यात खाली गेल्यात,” ती वैतागून म्हणाली, “आन दारातल्या चार झाडांची सोनामावशी वर!” मग तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

मी ऐकत होतो आणि पडद्याकडे बघत होतो. नऊ, आठ, तीन, एक. कुठंतरी हे ओळखीचं वाटत होतं. आणि एकदम लक्षात आलं की हा तर शब्दकोश आहे! उलटा लावलेला, पण शब्दकोशच. शब्दकोशात शब्द लांब की आखूड हे कुणी बघत नाही, पहिलं अक्षर बघतात. यंत्र या आकड्यांना आकडे समजतच नव्हतं, शब्द समजत होतं. आयुष्यभर शब्दकोश चाळला, आणि आज विलासच्या खोलीत, विलासच्या विषयातली चूक मला सापडली होती, मला! शब्द अगदी ओठांवर आला होता. अश्विनी वाचायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. तिला काही सापडलं नव्हतं.

मी मान थोडी पुढं केली, एवढंच.

तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. वहिनींनी आणलेला चहा निवून गेला. एकदोन पोरं चुळबुळ करू लागली. मी हाताची घडी घालून बसलो होतो आणि खरंच सांगतो, घडी घालण्याचं कारण मला तेव्हा कळलं. हात मोकळे असते तर बोट आपोआप पडद्याकडे गेलं असतं. तिसऱ्या वाचनात, जिथं माल किती ते यंत्रात भरलं जातं त्या ओळीपाशी तिचा आवाज मंदावला. ती ओळ तिनं परत वाचली, मग अगदी हळू, एकेक अक्षर करून वाचली. “सर… ह्याला ह्ये आकडे वाटतच न्हाईत. ह्यानं अक्षरं धरल्यात!” तिच्या आवाजाला काय झालं ते मला लिहिता येणार नाही. त्यासाठीच तो तिथं बसायचा, हे मात्र समजलं. बारामतीच्या वर्गांचं मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी वेळेवर या, एवढं सांगितलं.

घरी चालत निघालो. हायवेच्या पुलाखाली आलो आणि मोबाइल काढून नंबर शोधू लागलो, इतकं ते मनात ठरलेलं होतं. विलास, मला सापडली होती रे. तिच्या आधी सापडली होती. आणि मी गप्प बसलो, एक अक्षर बोललो नाही, लई जड गेलं… हे सांगायला जगात एकच माणूस होता, आणि त्याचं नाव पडद्यावर समोर असताना मला कळलं की तो फोन उचलणार नाही. अंत्ययात्रेला रडू आलं नव्हतं, दहाव्यालाही आलं नव्हतं. ट्रक जात होते, माणसं बघत होती, आणि मी तिथं उभा राहून रडलो.