चौथं चाक

चाक मी नुकतंच धुतलेलं. अजून ओलं. त्या चाकावर तिनं गोमूत्र शिंपडलं. मी तिथंच उकिडवा बसलेलो असताना, तांब्याच्या गडूत आंब्याची पानं बुडवून तिनं एकेक चाक शिंपडून काढलं. एक थेंब माझ्या मनगटावर उडाला. ते तिनं पाहिलं आणि म्हणाली, "सरक जरासा. तुयावर वाया जाऊन राह्यलं."

चाक मी धुतलं म्हणून बाटलं होतं. अख्खा पावसाळा त्याच्यावर खाणीतला चिखल बसला, तेव्हा बाटलं नाही. गल्लीतली कुत्री त्याच्यावर पाय वर करून गेली, तेव्हाही नाही. माझा हात लागला आणि घरावर संकट आलं.

ती बाई ठेकेदाराची आई. ठेकेदार म्हणजे भद्रावतीजवळच्या खाणीतून कोळसा वाहणाऱ्या ट्रकांचा मालक. मी तेव्हा हायवेवरच्या एका धुलाई सेंटरला कामाला होतो. त्याचे सगळे ट्रक आमच्याकडे धुवायला यायचे, त्यामुळे आमचा मालक त्याच्यापुढे कमरेत वाकलेलाच असायचा.

दिवस दसऱ्याचा होता. त्यांच्याकडे गाडीची पूजा. आमच्या घरी दसरा नसतो. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालतो आणि नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. म्हणजे तो दिवस आमच्याकडेही चाकाचाच, धम्मचक्राचा. फक्त आमच्या चाकाखाली लिंबू ठेवावं लागत नाही.

मी सुट्टी घेऊन ठेवली होती. सकाळीच मालकाचा फोन आला. ठेकेदार शेठची एकच गाडी आहे, घरी जाऊन चाकं तेवढी धुऊन दे, मग जा कुठं जायचं तर. नाही म्हणणं अवघड होतं. घरात कमावणारा मी एकटा आणि शेठ नाराज झाला तर मालक मला एक दिवसही ठेवणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आईला सांगितलं, माझा पांढरा शर्ट पिशवीत घे आणि बसस्टँडवर थांब.

गाडी मोठी, पांढरी. चाकं चांदीच्या रंगाची असतील असं नुसतं समजून घ्यायचं. ब्रेकची पूड आणि कोळशाची धूळ, दोन्ही रोज तापून तापून चाकाला भाजून बसलेली. तव्याच्या बुडाला बसते तशी. एका चाकावर कुणीतरी तारेची घासणी चालवली होती. त्या ओरखड्यांकडे बोट दाखवून ठेकेदार मला म्हणाला, "तुमच्या लोकायच्या हाती देलं का हे असं होते." घासणी त्याच्या ड्रायव्हरनं चालवली होती आणि ड्रायव्हर त्याचा सख्खा मावसभाऊ. एवढं बोलून त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात न देता बोनेटवर टाकली आणि आत गेला.

मी कामाला लागलो. असलं चाक जोर लावून निघत नाही. आधी थंड होऊ द्यायचं, सावलीत घ्यायचं, पाण्यानं सुटी धूळ काढायची. मग औषध मारायचं. हे औषध चाकात रुतलेली लोखंडाची पूड धरतं आणि धरली की लालजांभळं होऊन खाली ओघळतं. थोडं थांबायचं, पण सुकू द्यायचं नाही. मऊ ब्रश फिरवायचा आणि भरपूर पाणी मारायचं. ॲसिड लावलं किंवा तार चालवली की वरचा रंगच जातो. एक चाक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. सेंटरवर या कामाला आम्ही 'रगत काढणं' म्हणायचो. रगत सुटलं का? सुटलं. मार पाणी. आमचा रोजचा शब्द होता, त्यात वाईट काही असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिसऱ्या चाकाचं लाल पाणी अंगणाच्या उतारानं रांगोळीपर्यंत गेलं. तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. हे काय, म्हणून तिनं विचारलं. मी मान वर न करता रोजच्यासारखं सांगितलं, "काही नाई आजी, चक्क्याचं रगत काढून राह्यलो."

ती भिंतीलाच टेकली. भर सणाला दारात रगत. मी बाटली दाखवली, औषध आहे म्हणून सांगितलं. त्या औषधाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिनं वास घेतला आणि तिची खात्रीच पटली की मी काहीतरी करणी करून राहिलोय. मग तिनं खरा प्रश्न विचारला. कोणत्या मोहल्ल्यातला? विहाराजवळचा, म्हटलं. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं. ती गडू आणायला आत गेली आणि मी चौथ्या चाकावर औषध मारलं.

शिंपडणं झालं ते वर सांगितलंच. तेवढ्यात ठेकेदार बाहेर आला. आईच्या हातातला गडू त्यानं पाहिला, मला पाहिलं आणि हसला.

"आई जुन्या वळणाची हाय. मनावर नको घेऊ. चौथा उरकून टाक, मंग ते त्याच्यावरही शिंपडन."

म्हातारीचं मी एक वेळ समजू शकतो. तिला खरोखर वाटत होतं. याला काहीच वाटत नव्हतं. हा जयंतीला निळा फेटा बांधून आमच्या वस्तीत फोटो काढतो. निवडणुकीला आमच्या चुलीजवळ मांडी घालून खिचडी खातो आणि कशी छान झाली ते चारचौघांत सांगतो. आणि घरी मला सांगतो, तू धू, आई तुझा हात धुऊन काढेल. मला त्याचा राग आला नाही. किळस आली. चाकावरचा तो थर मला त्याच्यापेक्षा स्वच्छ वाटला.

मी उभा राहिलो.

"चौथा तुमी करा. औषध मारून झालं हाय. आत्ताच पाणी मारा, सुकलं तं डाग पडन."

आणि चालू पाइप त्याच्यापुढे धरला.

त्यानं पाइपाकडे पाहिलं, मग आईकडे. म्हातारी म्हणाली, हात लावू नको, आधी शिंपडू दे. तिनं गडू वाकडा केला. रिकामा. तीन चाकांतच संपला होता. ती लगबगीनं शेजारी मागायला गेली. ठेकेदार ड्रायव्हरला फोन लावत बसला. ड्रायव्हर सणाच्या सुट्टीवर.

मी पाइप खाली ठेवला, ब्रश उचलले, फाटकापाशी जाऊन थांबलो. मला बघायचं होतं. पाणी चाकापासून वीतभर अंतरावरून वाहत होतं. सावली सरकून ऊन चाकावर आलं. पन्नास ट्रक हलवणारा माणूस, त्याला एक पाइप उचलता आला नाही. माझ्या देखत औषध सुकलं आणि मी निघालो.

बसस्टँडवर आई पिशवी घेऊन उभी होती. माझी नखं लालजांभळी पाहून तिनं विचारलं, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे नोकरी गेली." गेली, म्हटलं. तिनं पिशवीतून शर्ट काढून माझ्या हातात दिला. "घाल मंग. गाडी लागली हाय."

दुसऱ्या दिवशी मालकानं सांगितलं, जाऊन शेठच्या पाया पड, डाग काढून दे, नाहीतर येऊ नको. मी गेलो नाही. काही महिने फार वाईट गेले. आता चंद्रपूर रोडला माझी स्वतःची पाण्याची एक टाकी आहे, गाड्या धुवायचा एक पंप आहे. माझ्याकडे किल्ली हातात द्यावी लागते. बोनेटवर टाकणाऱ्याला मी गाडी वळवायला सांगतो, मग तो कुणीही असो.

मागच्या आठवड्यात ठेकेदाराचा ड्रायव्हर आला. गाडी त्यानं मुद्दाम लांब उभी केली होती, पण चौथ्या चाकावरचा ओघळ तिथूनही दिसत होता. डाग कशानंच जात नाही म्हणाला. शोरूमवाले अख्खं चाक बदला म्हणतात. शेठनं विचारलंय, तुला जमेल का.

तो डाग निघतो. हलक्या हातानं पॉलिश केलं की निघतो, रंगही शाबूत राहतो. मला येतं ते.

"निघते," मी म्हटलं. "पण मी काढनार नाई."

"काऊन?"

"शेठले म्हना, शिंपडून पाहा."

तो हसला. मी हसलो नाही. त्या घरातलं एकही चाक आता माझ्या हातानं उजळणार नाही. ना दसऱ्याला, ना एरवी.